पावतीमागचा रस्ता

मागचा ब्रेक बसवलाय. दोन पॅड, अकरा युरो.
ही पावती. उलटी कर, नकाशा मागे काढतो.
तुझ्या फोनमधला गॅलिसियाचा किनारा सपाट आहे,
तो म्हणतो बंदर सतरा किलोमीटर.
सतरा खरे,
पण त्यातले नऊ आभाळाकडे जातात.

सकाळी आठच्या आत नीघ.
ईशान्येचा वारा अकराला उठतो
आणि एकदा उठला की
उतारावरही पेडल मारायला लावतो.

पहिला चढ गिरणीपासून. दिसायला गरीब.
वळणाआधीच गिअर उतरव,
चढावर उतरवशील तर चेन कुरकुरेल
आणि दारात शेंगा सोलणारी एउदोसिया
मान वर न करता म्हणेल, पाहुणी.
उभं राहून पेडल मारू नकोस.
डोंगराशी बसून बोलावं,
सासुरवाडीत बोलतात तसं,
आवाज न चढवता.

निलगिरीच्या रानात रस्त्याची कड सोड.
तिथली पानं वाळलेली दिसतात, खालून ओली असतात.
हे मनगट बघ. हवा बदलली की
अजून मला आधी कळवतं.

पाणी शाळेच्या नळाचं भर.
देवळाजवळच्या झऱ्याचं नको,
पाटीवर काहीही लिहिलेलं असो.
वर रामिरोचा गोठा आहे.
पुढे दोन कुत्री. काळं भुंकतं.
पिवळं भुंकत नाही.
पिवळ्याला सांभाळ.

उतारावर ब्रेक आवळून धरू नकोस.
दाब, सोड. दाब, सोड.
धरूनच ठेवलास तर रिम तापते, जळका वास येतो,
आणि हे पॅड मी आत्ताच बसवलेत.

धुकं आलं तर समुद्र उजव्या कानात ठेव.
दोन्ही कानांत ऐकू आला
तर जिथं असशील तिथं उतर.
रस्ता सुटलाय, पुढे कडा आहे.
ऊन असलं तर त्याच कड्याखाली
कमरेला दोर बांधून खडकावरचे शिंपले खरवडणारी माणसं दिसतील.
छान दिसतात. हाक मारू नकोस.
त्यांनी मान वळवली
की एक लाट मोजायची राहते.

मग निळं फाटक.
दगडी खांबांवर धान्याचं कोठार आहे, त्याला लागून.
तिथं घंटी वाजव. दोनदा,
थोडं थांबून, एकदा.
वळणावर वाजवायचा नियमच आहे.

नाही, वळण नाही तिथं. सरळ रस्ता आहे.
माझी बहीण राहते. ओबदुलिया.
कोठाराखालची दीड मीटर जागा कुणाची
यावरून चौदा वर्षं झाली.
जागेत आता चिडव्याची झाडं आहेत,
म्हणजे आठच्या बसचा चालक सांगतो.

मी पाव पोचवायचो या रस्त्यानं,
ती कॅरिअरवर, मागे तोंड करून.
मागून कोण येतंय ते माझ्या पाठीवर थापटून सांगायची.
एक थाप, मोटार.
दोन, बैलगाडी.
दोन, थांबून एक, म्हणजे बाबा,
सिगारेट टाक.

कुणी बाहेर आलं तर हात कर.
कुणी पाठवलं विचारलं
तर म्हण, ब्रेक तपासत होते.
कुणी नाही आलं तर थांबू नकोस,
फाटकानंतर लगेच चढ आहे,
छोटा आहे पण वाईट, सगळ्यात खालचा गिअर.

परत याच रस्त्यानं येऊ नकोस, वारा तोंडावर असतो.
पाचची बस आहे. पुढचं चाक काढलंस
की चालक सायकल घेतो, कुरकुरत का होईना.
पॅडची हमी सहा महिने. पावती जपून ठेव.

बस या दुकानासमोरच थांबते.
मी सातपर्यंत असतो.
म्हणजे सहालाच बंद करतो,
पण उद्या काम जास्त आहे.